खलातला गोळा

गायत्रीचं तोंडच तिच्या मुळावर आलं. सुरतेच्या गोडादऱ्यात समाजाच्या मेळाव्यासाठी बायकांची बैठक चालली होती. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची ठरली, तेव्हा ती बोलून गेली, "दरवर्षी काय तेच तेच? गोळाफेक ठेवा की! मी कॉलेजात तालुक्यात पहिली आले होते."

"मग गोळा तूच आण," सरलाबाई म्हणाली. वर डोळे मिचकावून, "बघू तरी तालुका केवढा होता तो!"

गोळा घरात होताच. अमळनेरच्या कॉलेजातून निघताना खेळाच्या सरांनी मोडीत निघालेला एक गोळा तिला दिला होता. लग्नात तो ट्रंकेतून सुरतेला आला आणि सासूबाईंनी, इंदुबाईंनी, त्याला कामाला लावलं. दगडी खलात लाल मिरच्या अन् लसूण कुटायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं ठाम मत.

सासूबाई दुपारी डुलकी काढत होत्या तेवढ्यात गायत्रीने गोळा खसाखसा घासून धुतला आणि चाळीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली. पदर खोचला, गोळा बोटांवर तोलला, हनुवटीखाली मानेशी घट्ट लावला, नेम धरला... आणि "अगं आई गं!" करून उडालीच. गोळा पायाशी धप्पकन पडला. मानेला आग आग!

प्लॉटवर गप्पा मारत बसलेल्या शेजारच्या बायका पोट धरून हसल्या. इंदुबाई जाग्या होऊन आल्या, तुपाची वाटी घेऊन.

"दहा वरीस मिरच्या खाई राहना तो," मानेला तूप चोळत त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "तुले सोडी का?"

"आई, हसू नका ना. रविवारी मेळाव्यात सगळ्यांसमोर गोळा असाच पायाशी पडला तर? तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"मंग नवा लई ले. यानाबिगर मना खल रिकामा पडस."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची, योगराजची, लूमच्या कारखान्यातून सुट्टी झाली तसे तिघं पर्वत पाटियाच्या खेळसामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने गोळे मांडले. गायत्रीने एकेक उचलून मानेशी लावून पाहिला. ती जरा वळली की दुकानदार दोन्ही हात पसरून काउंटरपुढे उभा, "बेन, काच! काच!"

बायकांचा चार किलोचा गोळा हातात बसत होता, पण खांदा लगेच कुरकुरला. शेजारी पोरांचा तीन किलोचा होता.

"हाच घे," योगराज हळूच म्हणाला. "लांब जाईल. तिथं कोण काटा घेऊन बसलंय?"

गायत्रीने तो उचलला. खरंच, फुलासारखा! सरलाबाईचा चेहरा कसा उतरेल, तेही तिला दिसलं. हातातून तो ठेववेना.

इंदुबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, जरासा वर उडवून झेलला आणि लेकाकडे पाहिलं. "हाऊ गोळा शे का लाडू? याखाले मिरचीबी नही फुटत."

गायत्रीला खुदकन हसू आलं. तिने चार किलोचा उचलला. योगराजने पाकीट काढलं.

उरलेले दिवस ती दुपारी प्लॉटवर घाम गाळत राहिली. रात्री खांद्याला तेल लावायला नवराच.

रविवारी सरलाबाईचा गोळा कसाबसा समोर आखलेल्या रेघेशी पडला. गायत्रीचा पहिला तर त्याच्याही अलीकडे. कुणीतरी खिदळलं. दुसऱ्या वेळी तिने डोळे मिटून श्वास घेतला, मान गोळ्याशी टेकवली. आग नाही, नुसता थंडगार लोखंडाचा स्पर्श. हात आपसूक सुटला. गोळा रेघ ओलांडून, मंडपाच्या दोरीपाशी जाऊन मातीत रुतला.

"तालुका मोठा होता गं बाई," सरलाबाईने कबूल केलं.

रिक्षात इंदुबाई नवा गोळा पदराने पुसून मांडीवर घेऊन बसल्या. गायत्रीला धास्ती वाटली. "आई, हा खलात नाही हं!"

"येडी शे का?" इंदुबाई म्हणाल्या. "याले चव तरी शे का काही? मिरचीले मना जुनाच बरा."