रिकामा खुंटा

पोळ्याला मातीचे बैल किती करायचे, ते आमच्या घरात सासरे ठरवायचे. पाणी मी आणायचे, माती मी तुडवायचे, बाजारात जोड्या घेऊन मीच बसायचे. आकडा मात्र त्यांचा. आम्ही कुंभार, गाव शिरूर अनंतपाळकडचं. श्रावण लागला की मामा, म्हणजे माझे सासरे, जनावरांच्या हौदावर जाऊन बसायचे आणि पाण्यावर येणारे बैल मोजायचे. गावात जेवढे बैल, तेवढेच मातीचे. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत. कधी चुकली नाही म्हणे!

लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि पावसानं लागोपाठ दगा दिला होता. कडबा मिळेना म्हणून लोकांनी बैलांना बाजार दाखवला. मामा हौदावरून आले ते मान हलवत.

"औंदा निम्मेच करू. बैलच न्हाईत तर पोळा कुनाचा?"

"मामा, बैल न्हाईत म्हनून तर मातीचे लई लागतील."

"बाईमानसानं आकडा सांगू नये."

बाईमाणसानं दोन कोसांवरून पाणी मात्र आणावं! मी धुमसत राहिले, आणि बैल निम्मेच झाले.

शेजारीण नवऱ्यामागं एकटीच शेती बघायची. उन्हाळ्यात तिनंही बैलजोडी विकली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, ती आली. "एक जोडी ठेव माज्यासाठी. रिकामा खुंटा बघवत न्हाई." मी लाल शिंगांची एक जोडी उतरंडीमागं झाकून ठेवली.

पोळ्याला सकाळीच टोपली रिकामी झाली, तरी दारात माणसं उभीच होती. मी पाण्याला जाऊन आले तर उतरंडीमागं काही नाही. मामांनी ती जोडी पाटलाच्या गड्याला दिली होती. पाटलाच्या गोठ्यात चार जिवंत बैल उभे!

"मानाची जोडी हाय. द्यावीच लागती," मामा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात ओली माती होती, ती घेऊन मी बैल वळायला बसले. मामा कडाडले, "सनादिवशी चिखलाला हात लावायचा न्हाई!" आणि मी हात धुतले. मामांचा राग येतोच, पण त्या हात धुण्याचा आजही जास्त येतो. एक जोडी! ओंजळभर माती लागते तिला.

दुपारी शेजारणीकडं गेले. तिनं खुंट्याला हळदीकुंकू लावलं होतं, जुनी घुंगरमाळ घातली होती आणि पुढ्यात पुरणाची पोळी ठेवली होती. "असू दे, तू तरी काय करशील?" म्हणाली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या श्रावणात मामा हौदावर गेले. मी गल्लोगल्ली रिकामे खुंटे मोजत फिरले आणि मामांना तोंडावर सांगितलं, पाणी मी आणते, औंदा आकडा माझा. ते गुरगुरले, पण बैल माझ्या आकड्यानं झाले. शेजारणीचा खुंटा मोजायला मी गेलेच नव्हते, तो धरूनच चालले होते. पहिली जोडी वाळली तशी रंगवून तिच्याकडं नेली. दाराला कुलूप. शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर देऊन ती लातूरला गेली होती, नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या बांधकामावर घमेली उचलायला. गोठ्यात डोकावले. खुंटा उपटलेला होता, तिथं नुसता खड्डा होता.