गणपतीच्या तळ्याचा तळ

विष्णुपंत कुरुंदवाडकर यांचा सत्कार ठरला असल्याने स्मरणिकेसाठी त्यांचा अल्प परिचय लिहून द्यावा, असे मंडळाच्या कार्यकारिणीने मला कळवले. परिचय देते. तो गोड असेल याची हमी देत नाही.

विष्णुपंत केंद्र सरकारच्या एका खात्यात आरेखक होते. १९८४ साली ते फरीदाबादला आपल्या वसाहतीत राहायला आले. गणपती यमुनेपर्यंत नेण्याची दगदग टळावी म्हणून त्याच वर्षी मैदानाच्या कडेला मातीचे लहानसे तळे खोदले गेले, ते त्यांच्या आराखड्यावरून. जमीन वाळूची, पाणी दोन दिवस टिकेना. तेव्हा विष्णुपंतांनी नियम केला की तळ्यात मूर्ती येईल ती शाडूचीच. प्लास्टरची मूर्ती घेऊन आलेल्यांना ते काठावरूनच परतवत. "हे विरघळायचे नाहीत. घरीच ठेवा, कायमचे पाहुणे समजा." लोक चिडत, पण पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती आणत. पस्तीस वर्षांत त्या मूर्तींची माती तळाशी बसत गेली, तिचा हातभर थर झाला आणि त्या थराने पाणी धरले. हे विष्णुपंत प्रत्येक वार्षिक सभेत सांगत. नेमका तेव्हाच चहा येई, आणि सभा चहाकडे वळे.

गेल्या मार्चमध्ये विष्णुपंत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना आपले अध्यक्ष अविनाश देवधर यांनी स्वच्छता मोहीम काढली. जेसीबीने तासाभरात तो थर खरवडला आणि कुंपणामागे टाकला. फावडी हातात घेऊन, कपड्यांना मातीचा डाग लागू न देता, कार्यकारिणीने फोटो काढून घेतले. एप्रिलमध्ये तळे टँकरने भरले. चौथ्या दिवशी तळाशी ओल तेवढी उरली. यावर ज्यांनी तळ फोडला त्यांनीच ठराव केला की गणेश चतुर्थीपूर्वी गळती न थांबल्यास तळे बुजवून तेथे गाड्या उभ्या कराव्यात. त्या ठरावावर माझीही सही आहे. न वाचता केलेली, एवढेच. त्याने ती पुसली जात नाही.

जूनमध्ये डॉक्टरांनी मातीत उतरायची परवानगी दिली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे विष्णुपंत कामाला लागले. कुंपणामागची माती घमेल्याने परत आणायची, त्यातल्या काड्या, खडे आणि माळांचे दोरे वेचायचे, माती भिजवायची, वीतभर थर पसरून पायाने तुडवायचा, तो घट्ट झाला की त्यावर दुसरा. यंत्राने तासात नेले ते हा माणूस दोन महिने परत आणत होता.

मदतीला कोणी आले नाही, कारण वसाहतीत कुजबुज सुरू झाली होती. ती अविनाशरावांनी काठावर उभे राहून बोलून दाखवली.

"काका, ही बाप्पाची माती. तुम्ही पायाने तुडवताय. लोक बोलायला लागलेत, यार."

"जेसीबीच्या चाकाखाली गेली तेव्हा काय बोलले लोक?"

"वो अलग बात है. ते क्लीनिंग होतं."

"देव त्याच्या गावाला गेला, अविनाश. मागे राहिली ती माती. ती हाताने दाबून बसत नाही, वजन लागतं. तुझं चांगलं आहे. ये आत."

अविनाशराव आत उतरले नाहीत. त्यांना कार्यालयात उशीर होत होता. त्या दिवशी रविवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिले, सहीबद्दल अवाक्षर काढले नाही. "चपला तिकडे काढा. टाच दाबून चाला, फेऱ्या मारू नका," एवढेच म्हणाले. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

ऑगस्टच्या मध्यावर तळे भरले. विष्णुपंतांनी पाण्यात काठी रोवून तिला दोरा बांधला. आठ दिवसांनी पाणी दोऱ्याखाली तीन बोटे उतरले होते. "हे उन्हाने नेलं," ते म्हणाले, "जमिनीने नाही." गणपती त्याच तळ्यात गेले. आरतीनंतर अविनाशरावांनी 'मंडळाने वाचवलेल्या तळ्या'वर भाषण केले आणि त्याच दमात पुढच्या मार्चची स्वच्छता मोहीम जाहीर केली.

विष्णुपंत उठले. "गाळ काढणार नाही, एवढं लिहून दे."

"काका, बिल्कुल टेन्शन नका घेऊ. मी बोलतोय ना."

"बोललास तू मार्चच्या मोहिमेआधीही. लिहून दे."

कार्यकारिणीने लिहून दिले नाही. सत्काराची शाल तेवढी मागवली. ती घ्यायला आपण येणार नाही असे विष्णुपंतांनी कळवले आहे, आणि मी त्यांना आग्रह करणार नाही. शाल कार्यालयाच्या कपाटात आहे. ज्यांना मातीचे डाग लागत नाहीत त्यांनी ती वापरावी.

जे कार्यकारिणीने लिहून दिले नाही ते मी या पानावर लिहिते, म्हणजे ठरावावर सही करणाऱ्या कोणालाही, मलासुद्धा, वाचले नव्हते असे म्हणता येणार नाही: तळ्याच्या तळाशी आहे तो कचरा नाही, तोच तळ आहे. त्याला हात लावू नये.