अंगावर न ठेवणारी सावाताई

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत माझी ख्याती उलटीच आहे. तोंडाळ बाई धीट असणार, असं लोकांना उगाच वाटतं. इथे उत्तर जपानात, आकिताच्या डोंगरात जन्म गेला, तरी बर्फाची धास्ती गेली नाही. छपरावर माणूसभर बर्फ साठला की घर कण्हायला लागतं, आणि ते कण्हणं ऐकलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी छपरावरून पडतं, नाहीतर छपराखाली सापडतं.

त्या फेब्रुवारीत बर्फ चार दिवस थांबला नव्हता. मी माझ्या खिडकीतून समोरच्या सावाताईच्या छपराकडे बघत बसले होते.

सावाताई शहात्तरची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दोघी लग्न होऊनच या वाडीत आलो. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, असं तिच्या सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुनेनं ते इतकं मनावर घेतलं की सासू जाऊन तीस वर्षं झाली तरी हिचं फेडणं चालूच. सकाळी तिला तीन मुळे द्या, संध्याकाळी आपल्या दारात कोबीचे चार गड्डे. तिच्या वाटेवरचा बर्फ ओढा, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आपलं अंगण साफ. एकदा माझ्या नवऱ्यानं, रोकुरोनं, तिच्या नवऱ्याला गाडीतून दवाखान्यात नेलं. पुढे महिनाभर आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या येत राहिल्या.

"भीक नको पण कुत्रं आवर," रोकुरो म्हणाला. "पुन्हा कुणाला गाडीत घ्यायचो नाही मी."

हळूहळू वाडीनं तिला काही द्यायचंच सोडलं. वाईटपणानं नव्हे हो. बांबूचे कोंब जास्त निघाले तर आम्ही तिचं दार टाळून पुढे जायचो, बिचारीला परतफेडीचा घोर नको म्हणून. यालाच आम्ही माया समजत होतो. मग तिचा नवरा गेला. गेल्या शरदात ती पडली, कमरेचं हाड मोडलं, डॉक्टरांनी फावड्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. छप्पर साफ करणारा मजूरही नेमका आजारी पडला. वाडीतल्या दहाही घरांनी हे पाहिलं आणि दहाही घरांच्या मनात एकच आलं : आपण हिच्या छपरावर चढलो, तर ही मोडक्या कमरेनं आपल्या छपरावर चढेल. म्हणून कुणीच गेलं नाही. मीही गेले नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी सूचनांची वही हाती आली. ही वही घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. तेवढंच निमित्त करून मी सावाताईकडे गेले. दार सरकवायला गेले तर ते हलेना. वर बघितलं. चौकटीवरचं लाकूड मधोमध खाली वाकलं होतं.

"सावाताई!"

"वही बाहेरच ठेवा, मियोबाई," आतून तिचा शांत आवाज. "दार जरा अडकलंय."

"जरा? अगं, छप्पर बसतंय तुझं! कधीपासून अडकलंय?"

मग हळूच, "कालपासून."

"आणि फोन करता आला नाही? वाचा बसली होती का?"

"कुणाला करायचा? या वर्षी माझ्याच्यानं फेडणं व्हायचं नाही."

आत कुठेतरी तुळई कडकन वाजली. खोटं कशाला सांगू, मी दोन पावलं मागे सरले. पळून जावंसं वाटलं. मग तिथूनच रोकुरोच्या नावानं बोंब ठोकली. तो टोफूवाल्या हिरामाला घेऊन धावत आला. दोघांची वयं मिळून दीडशेला टेकलेली.

"कमरेला दोरी बांधा रे!" मी ओरडले.

"आधी तू ओरडायची थांब, मियो. तुझ्या आवाजानंच बर्फ खाली येईल," हिरामा म्हणाला, आणि त्यानं शिडी लावली.

मागचं दार बर्फात पार बुडालेलं, खिडक्यांना हिवाळ्याच्या फळ्या ठोकलेल्या. बाहेर यायला हे एवढंच दार होतं, आणि वरचा भार हलका झाल्याशिवाय ते सुटणार नव्हतं. भारही एका बाजूनं काढून चालत नाही, घर दुसरीकडे कलतं. इकडचा थोडा काढायचा, मग तिकडचा. मला त्यांनी दाराशी बसवलं आणि तिला बोलती ठेव म्हणून सांगितलं.

"खांबाला टेकून बस," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "घाबरलीस का गं?"

"हो."

या बाईच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

"मियोबाई," ती म्हणाली, "सगळ्यांचं सगळं फेडलंय मी. हिरामांचं, वरच्या आळीचं. तुमचं मात्र एक राहिलंय."

"माझं? माझं कसलं?"

"माझी पोरगी गेली तेव्हा तुम्ही आलात. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझे पाय चेपत बसलात. एक शब्द बोलला नाहीत. त्याच्या बदल्यात काय द्यायचं असतं, ते मला कळलंच नाही. एकोणचाळीस वर्षं शोधतेय. म्हणून तर तुमच्याकडे नीट बघवत नाही मला."

मी आठवून पाहिलं. पोरगी आठवली, तिचं न्यूमोनियाचं आजारपण आठवलं, स्मशानातला चिखलही आठवला. पाय चेपलेले काही केल्या आठवेनात. ही आपल्याशी नजर मिळवत नाही म्हणून मी मात्र तिला इतकी वर्षं गावभर शिष्ट म्हणत आले होते.

"अगं बये, मला ते आठवतसुद्धा नाही!"

मी घाबरून दार बडवलं. "सावाताई? ऐकतेस ना?"

"आठवत नाही?"

"नाही गं. देवाशप्पथ नाही."

"मग मी इतकी वर्षं घाबरत कुणाला होते?"

तेवढ्यात रोकुरो पहार घेऊन खाली उतरला, त्यानं ती फटीत घातली आणि दार हातभर सरकलं. आत सावाताई काठी धरून उभी होती, पायांत नुसते मोजे, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते सावकाश."

"पुढचा थर सुटतोय!" वरून हिरामाची आरोळी आली. "बाजूला व्हा!"

मी फटीतून तिला ओढलं आणि तिच्यासमोर पाठ करून वाकले. "चढ."

"छे, तुमची पाठ..."

"सावाताई, मला आत्ता इतकी भीती वाटतेय, की अजून एक शब्द बोललीस तर तुला इथेच टाकून पळेन. चढ!"

ती चढली. रोकुरोनं मागून आधार दिला आणि आम्ही सुटलो. दहा पावलंही झाली नसतील, मागे धप्पकन आवाज झाला, जमीन हादरली, मानेवर बर्फाचा गार भुगा उडाला. मागे बघायची माझी छाती नव्हती. हिरामा वर दोरीला लोंबकळत शिव्या घालत होता, तेवढ्यावरून तो जिवंत असल्याचं कळलं.

तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. आता ही काहीतरी द्यायचं बोलेल, या पाठीचं काय देऊ म्हणेल, म्हणून मी ओठावर शिवी तयार ठेवली होती. रस्त्याच्या मध्यावर ती माझ्या कानाशी बोलली.

"जड होतेय का मी?"

"होतेयस तर," मी म्हटलं. "घट्ट धर."

तिनं घट्ट धरलं.