शेवटचा झावळीचा क्रूस

मंगळवारची दुपार. उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात. गेल्या वर्षीच्या झावळ्या आज संध्याकाळी चर्चच्या अंगणात जाळतील आणि तीच राख उद्या सगळ्यांच्या कपाळाला लागेल. आळीतल्या घराघरातून झावळ्या गेल्या. माझ्या भिंतीवरचा क्रूस मात्र तसाच आहे. गेल्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरआधी चर्चमध्ये नव्या झावळ्या वाटतात तेव्हा, माझ्या नवऱ्याने, इनासने, विणलेला. पावसाळ्यात इनास गेला. काही झालं तरी हा क्रूस द्यायचा नाही, असं घोकत मी पलंगावर आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच इनास उंबरठ्यात बसलेला दिसतो.

झावळी विणतोय. पण हातात झावळी नाहीच. बोटं नुसतीच दुमडतायत, ओवतायत, खेचतायत.

“चहा टाकू?” मी विचारते. मेलेल्या नवऱ्याला दुसरं काय विचारणार?

“हात मोकळे होऊ देत आधी. थांबतच नाहीत गं, कार्मे.”

मी त्याची मनगटं धरते. बोटं माझ्या मुठीतही चालूच राहतात. मला भीती वाटते. उंबरठ्याचा आता विहिरीचा काठ झालाय. खाली पाणी नाही, आळीभरच्या झावळ्यांचा ढीग आहे. इनास वाकून त्यात शोधतो.

“आपला कुठंय?”

“घरी. तुझ्या हातचं तेवढंच राहिलंय माझ्याकडं.”

“म्हणून मी अजून विणत बसलोय होय?”

“तुला मातीत दिलं, ते पुरे नाही झालं?”

तो रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आम्ही चर्चमध्ये रांगेत उभे आहोत आणि फादरांच्या जागी तोच आहे. अंगठा माझ्या कपाळापर्यंत येतो नि थांबतो. अंगठा कोरडा आहे.

“कशानं लावू? दिलंस तर लागेल ना.”

“आणि धुतल्यावर?”

“झावळ्यांचा रविवार येतोच आहे की. तू वीण.”

“मला कुठं येतं?”

चर्चची घंटा वाजते. मी दचकून उठून बसते. भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. माझ्या मुठीत क्रूस नाही, पूर्ण उलगडलेली एक लांब, पिवळी पात आहे. झोपेत मीच उलगडली असणार. पण इनासच्या विणीची गाठ मला कधीच सुटत नव्हती.

पातीवर घड्यांच्या खुणा राहिल्यात. कुठली घडी कुठं वळते ते मी बोटानं बघते, पुन्हा पहिल्यापासून बघते. रडू येतं, येऊ देते. मग चर्चच्या अंगणात द्यायला पात पदरात बांधून चपला शोधते. कपाळावरचे केस आजच मागे सारून घेते.