आईंचीच सीट तेवढी गरम का?

परवा देवगाव फाट्याजवळ नात्यातलं एक लग्न होतं. सकाळी पाथरीहून निघताना माझ्या सासूबाई आमच्या गाडीपाशी आल्या, आत डोकावल्या अन् सरळ धाकट्या जावेच्या नव्या गाडीत जाऊन बसल्या!

कारण काय, तर आमच्या गाडीत आईंना उकडतं. स्वातीच्या, म्हणजे जावेच्या गाडीत म्हणे सगळीकडं सारखं गार.

खरं सांगते, नुसता जळफळाट झाला माझा. ही पुण्याहून सणावाराला येणार, अन् वर्षभर आईंचं पथ्यपाणी, गोळ्या, कुरकुर मी बघायची... आणि मान कुणाला, तर एसीला! रस्ताभर पुढच्या गाडीच्या काचेतून आईंचा अंबाडा दिसत होता.

आता एसीचं म्हणाल तर मेकॅनिककडं दोनदा गाडी नेऊन झाली. गॅस बघितला, फिल्टर बदलला. तरी पुढं बर्फ, मागं ड्रायव्हरच्या बाजूला बरं, आणि नेमकी माझ्या मागची आईंची जागा म्हणजे भट्टी. ह्यांचं एकच पालुपद, "आईला तसं वाटतंय गं, वय झालंय."

लग्न लागलं. सगळे पंगतीला पळाले, मी ह्यांच्याकडून किल्ली घेतली अन् नवी साडी सावरत गाडीत जाऊन बसले. एसी फुल केला आणि एकेका सीटवर बसून हात धरून बघितला. लोक बघत होते, बघू देत.

आमच्या गाडीत मागच्यांना हवा पुढच्या सीटांखालून येते. उजवीकडून पायाला मस्त झुळूक लागत होती. डावीकडं काहीच नाही... म्हणजे हवा गार होत होती, आईंपर्यंत पोचत नव्हती!

माझ्याच सीटखाली हात घातला. बोटाला फडकं लागलं. ओढलं तर ही एवढी मोठी काळी पुरचुंडी... बिब्बे, मीठ, मोहऱ्या, वाळक्या मिरच्या. हवेच्या तोंडात गच्च कोंबलेली. ती निघाली अन् भसकन गार हवा आली.

तशीच ती घेऊन पंगतीत आईंपुढं उभी राहिले.

"आगं बया, काढलीस व्हय? दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर मीच ठिवली की. खाली भोक दिसलं, म्हणलं हितं कुणाच्या नजरंला पडायची न्हाई."

"स्वातीच्या गाडीत ठेवलीत का?" त्या घडीला मला तेवढंच सुचलं बघा.

"तिला कशाला? ती जाईल पुण्याला. हितं राहायचंय तुमाला, लोकं लय जळायलेत तुमच्यावर."

मी पुरचुंडी पदराखाली घेतली.

परत येताना आई आपल्या जागेवर बसल्या. सेलू यायच्या आतच म्हणाल्या, "बारीक कर गं जरा, गार लागायलंय." मी एसी कमी केला नाही, शाल दिली. मागून स्वातीची गाडी येत होती ना...

पुरचुंडी आता डिकीत ठेवलीय, टाकवत नाही. आमच्यावर कुणी जळू नये म्हणून आईंनी किती जिवापाड जपून ठेवली होती ती... अन् त्या दिवशी तिच्यावरच बसून सगळ्यात जास्त जळत होते मी.