स्क्रूवरचा लाल ठिपका

रशीदचाचांनी बसवलेला स्क्रू मीच फिरवला होता. एवढी साधी गोष्ट मी चार वर्षांत कुणापुढे बोललो नाही, आणि ज्यांच्यापुढे बोलायला हवी होती ते दीड महिन्यापूर्वी गेले. त्यांच्या मुलाचा, अनीसचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचे पेपर तपासत होतो. "सर, अब्बा गेले. दुपारी दफन आहे." पेन खाली ठेवताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता कुणी विचारणार नाही... त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

जळगावच्या मेहरूणमध्ये पत्र्याच्या शेडखाली चाचांचं गॅरेज. माझ्या वडिलांची, नानांची, जुनी कार्बोरेटरवाली गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखाली. नाना गेल्यावर मी ती विकली नाही, आणि चाचा मला 'बेटा' म्हणत राहिले. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गाडीला खोड लागली. सकाळी बरी चालायची, पण तापली की सिग्नलला उभी राहताच इंजिनाची चाल खाली खाली जायची आणि गाडी बंद. उभ्या गाडीच्या या चालीला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. दोन ठिकाणी दाखवली, दोघांनी स्लोचा स्क्रू पिळून चाल वाढवून दिली. आठवड्यात पुन्हा तेच. चाचांनी ऐकलं आणि हसले. "ताप आलेल्या पोराला पळवलं म्हणजे तो बरा झाला का, बेटा? गाडी ठेवून जा."

मी गेलो नाही, बसून राहिलो. त्यांनी तासभर गाडी उन्हात चालू ठेवली. एअर फिल्टरच्या झाकणावर चहाचा ग्लास ठेवला आणि त्या चहाकडे बघत बसले. इंजिन तापलं तसा चहा थरथरायला लागला. मग ओली चिंधी घेऊन ते एकेका रबरी पाइपावर दाबत गेले. कार्बोरेटरच्या मागच्या करंगळीएवढ्या पाइपावर चिंधी बसली, आणि चहा एकदम शांत झाला. "सापडला! हा गरम झाल्यावर तोंड उघडतो, हवा खातो." केसाएवढी चीर होती. पाइप बदलला, कार्बोरेटर धुतला, स्लो लावला आणि शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला... अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या धातूवर. स्क्रू जरा हलला तरी ठिपका तुटावा म्हणून. "मुलगी ओरडते माझ्यावर, पण याच्याइतकं पक्कं काही नाही. दोन दिवस थोडी थरथरेल. हात लावू नको. परवा आण, मी परत ऐकतो."

दुसऱ्याच दिवशी मी दाजींना, म्हणजे बहिणीच्या यजमानांना, आणायला धुळ्याला गेलो. दाजी या गाडीची नेहमीच टिंगल करत. येताना पारोळ्याला चहासाठी थांबलो, गाडी थरथरली, आणि ते हॉटेलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, भंगारमा दी टाक ना आते हाई गाडी!" लोक हसले. दाजी हात धुवायला गेले तेवढ्यात मी बॉनेट उघडलं आणि स्क्रू चांगला अर्धा फेरा पिळला. थरथर गेली. दाजी परत येऊन म्हणाले, "आते कशी गुरगुरस!" मला बरं वाटलं. एवढ्याशासाठी...

जळगावात गर्दीच्या गल्लीत मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, पण गाडी ओढतच राहिली आणि केळीच्या हातगाडीवर जाऊन आदळली. हातगाडीवाल्याचं कोपर सोललं, केळी रस्त्यावर. दाजी ओरडले, "कोनी करं हाई काम?" माझ्या तोंडून निघालं, "रशीदचाचांनी. कालच." तो शब्द मागे घेता आला असता. गॅरेजपर्यंत दहा मिनिटं होती.

गॅरेजवर चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. दाजींनी सगळ्यांदेखत सुनावलं, "चाचा, माणूस मेला असता आज! कान शाबूत आहेत ना?" चाचांनी बॉनेट उघडलं. मलाही दिसलं. ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते, एक इकडे, एक तिकडे. त्यांनी अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "बेटा, तू हात लावला?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मग पेचकस घेतला, दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांसमोर आणले, बॉनेट बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग माझंच चुकलं, सर."

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी बेटा म्हटलं नाही.

बसलेल्यांपैकी एकजण काम न करताच गाडी घेऊन गेला. चाचांचे कान गेले, ही बातमी हां हां म्हणता पसरली. गॅरेजात हाताशी असलेल्या अनीसलाच लोक काम सांगायला लागले, म्हाताऱ्याला हात लावू देऊ नको म्हणायला लागले. शेवटी अनीसच म्हणाला, "अब्बा, तुम्ही बसा." शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसून असत. रस्त्याने एखादी गाडी मिसिंग मारत, अडखळत गेली की मान वळायची, आणि परत खाली जायची. मी कितीदा तरी गेलो. सांगायचं ठरवूनच जायचो, दरवेळी ते म्हणायचे, "बोला सर," आणि मी ऑइलचं काहीतरी बोलायचो. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "गाडी काय म्हणते?" "छान चालते," म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं. चार वर्षांत ती एकदाही बंद पडली नाही.

गेल्या रविवारी गाडी घेऊन गेलो. तीन माणसं बसली होती. कोपऱ्यात ती खुर्ची, रिकामी. मी इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडून अनीसला ठिपका दाखवला आणि सगळं सांगितलं. तो चिंधीला हात पुसत राहिला.

"अब्बांना माहीत होतं, सर. त्याच दिवशी घरी येऊन अम्मीला म्हणाले, नानांचा मुलगा आहे, येईल सांगायला." मग जरा थांबून म्हणाला, "रोज वाट बघायचे. आधी आला असता तर..."

बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. इंजिन चाचांनी लावलेल्या चालीत इतकं हळू चाललं होतं की आवाज चढवायची गरज नव्हती. मी खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"चाचा, हात मीच लावला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा."