शेवंतीचा आवाज

गाव महापालिकेत गेलं, दत्तोबाच्या रानात इमारती उगवल्या, अन् त्याच्याकडं तीन म्हशी अन् एक कला उरली. लोणी काळभोरच्या अलीकडच्या त्या गावात नुसत्या रेकण्यावरनं म्हैस कुणाची, तिला तहान लागलीय का ती माजावर आलीय, हे गडी अंथरुणातनं सांगायचा. तवा लोक त्याला उठवून विचारायचे. आता गावात दुसऱ्या म्हशीच नाहीत, विचारणार कोण?

समोरच्या इमारतीतली ऋतुजा रोज दुधाला यायची. तिची कंपनी दोन-तीन वर्षांच्या पोरांसाठी ॲप बनवायची. त्यात सूचना नाहीत, गुण नाहीत. पोरानं वाटेल तिथं बोट लावायचं अन् पुढं काय होतं ते आपलं आपण हुडकायचं. ऋतुजाच्या कडेवर तिचा दोन वर्षांचा गंधार असायचा अन् गंधारच्या हातातल्या टॅबवर तेच ॲप. एक दिवस त्यानं पडद्यावरच्या म्हशीला बोट लावलं.

दत्तोबाची धार थांबली. "काय वरडलं ह्ये?"

"म्हैस, काका."

"म्हैस न्हाई. गाय हाय. त्यात जर्शी."

"अहो, एवढ्याशा मुलांना काय कळतंय?"

"म्हनूनच म्हनतो. मोठ्याला फशिवलं तर त्यो शिव्या तरी दील. ह्या पोरानं काय करावं?"

संध्याकाळी ऋतुजा केसाळ टोपडं घातलेला माईक घेऊन गोठ्यात आली.

शेवंती ही तिघींत बोलकी. तिनं माईक हुंगला, चाटला, अन् तीन दिवस ब्र काढला नाही. दत्तोबानं तिला गोंजारलं, हात जोडले, शेवटी शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी त्याची बायको शालू शेणाची पाटी टेकवत म्हणाली, "आवं, तुमीच म्होरं उभं ऱ्हायल्यावर ती हाक कुनाला मारंल? जावा तिकडं."

मग धारेची वेळ मुद्दाम टळू दिली. दत्तोबा सोसायटीच्या भिंतीआड उकिडवा बसला. अर्ध्या तासानं शेवंतीनं असा आवाज टाकला, की गेटवरचा वॉचमन खुर्चीतनं उठून उभा राहिला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर आठ पोरं बसवली, आठ टॅब दिले. ऋतुजाची वरिष्ठ शेफाली लॅपटॉप अन् वही घेऊन हजर. दत्तोबा दाराशी, टोपी मांडीवर. शेवंती राहती का ती जर्शी परत येती, एवढंच त्याला बघायचं होतं.

कुणीतरी म्हशीला बोट लावलं. हॉलभर शेवंतीचा आवाज घुमला. मग आठांतल्या पाचांनी भोकाड पसरलं.

"आवाज जरा सॉफ्ट करावा लागेल," शेफालीनं वहीत लिहिलं.

"सॉफ्ट म्हंजी?"

"म्हणजे मुलं घाबरणार नाहीत असा."

"म्हंजी गाईचा."

शेफालीनं चष्म्यावरून बघितलं. "काका, आपण बसा."

दत्तोबा बसलेलाच होता.

इकडं गंधारच्या गालावर ओघळ, नाकाला शेंबूड, अन् बोट पुन्हा म्हशीवर. शेवंती रेकली. तो रडला. रडून झाल्यावर त्यानं परत बोट लावलं. बाकीची पोरं रडायची थांबली, जरा वेळ त्याच्याकडं बघत बसली, मग आपापल्या म्हशीला भिडली. हॉलचा गोठा झाला. आता रडत कुणीच नव्हतं. दोघं तर टॅबला रेकून उलट उत्तर देत होती.

शेफालीच्या लॅपटॉपवर आकडे येत होते. मांजर तीनदा, कुत्रा चारदा, कोंबडा दोनदा, म्हैस एकशे बारा वेळा. तिनं आकडे दोनदा बघितले अन् वहीतली ओळ खोडली.

"ठीक आहे. म्हैस राहील." तिनं एक फॉर्म काढला. "आवाज कोणाचा, त्याची नोंद लागते. नाव?"

"शेवंती."

"वय?"

"सहा वर्सं. दुसरं वेत, औंदाच व्यालीया."

शेफालीनं सहा लिहिलं. "इथं सही लागेल."

दत्तोबानं टोपी डोक्यावर चढवली अन् उठला.

"थांबा, तिला घिऊन येतो."